फॉरमॅट मारण्याआधी: बंद पडलेला संगणक पुन्हा उभा करताना

संगणक सुरू होईनासा झाला की आपण तो पिशवीत घालून दुकानात नेतो. तिथे पहिलं वाक्य ऐकू येतं, "फॉरमॅट मारूया," म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकूया. आपण विचारतो, "आणि फाइली?" उत्तर येतं, "डी ड्राइव्हला हात लावत नाही." आपण निर्धास्त होऊन घरी येतो.

मीही असाच आलो होतो. माझ्या आईला धालोंची आणि फुगडीची गीतं पाठ होती. पौषात गोव्यात आमच्या वाड्यावरच्या मांडावर, म्हणजे सामायिक अंगणात, बायका धालो खेळतात, त्यात तिचा आवाज पुढे असायचा. दोन वर्षं दुपारच्या वेळी तिच्याजवळ बसून मी ती गीतं उतरवून घेतली, टाइप केली आणि सतत डोळ्यांसमोर राहावी म्हणून फाइल डेस्कटॉपवर ठेवली. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुकानदाराने शब्द पाळला, डी ड्राइव्ह जसाच्या तसा परत दिला. गीतं मात्र गेली. पुढे त्यातली निम्मीच आईला पुन्हा आठवली.

विंडोज हवं तितक्या वेळा टाकता येतं. तुम्ही तयार केलेली फाइल एकदाच असते. म्हणून विंडोज टाकण्यापेक्षा त्याआधीच्या कामाला मी इथे जास्त जागा देतो आहे. हे काम पहिल्यांदाच करणार असाल तर एक पूर्ण दिवस हाताशी ठेवा, आणि ढग गडगडत असताना सुरुवात करू नका. मे-अखेरीच्या आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा पडतात, लाईट जाते-येते. विंडोज अर्ध्यावर असताना लाईट गेली तर काम पहिल्यापासून करावं लागतं. लॅपटॉप चार्जरला जोडलेला हवा, डेस्कटॉप यूपीएसवर.

फॉरमॅट खरंच हवं आहे का

आधी संगणकाला लावलेलं सगळं काढा: प्रिंटर, पेनड्राइव्ह, कार्ड रीडर. विसरलेल्या पेनड्राइव्हवरूनच संगणक सुरू व्हायला बघतो आणि अडकतो, असं मी अनेकदा पाहिलं आहे. मग बटण दाबा आणि नीट बघा. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, कंपनीचं नावही येत नाही, असं असेल तर विंडोजचा यात काही संबंध नाही. विजेच्या झटक्याने पॉवर सप्लाय गेलेला असू शकतो. तो दुरुस्त करणाऱ्याकडेच न्या, आणि "फॉरमॅट करू नका" असं कागदावर लिहून संगणकाला चिकटवा.

कंपनीचं नाव येतं, गोल फिरत राहतो किंवा निळा पडदा येतो, तर घरी करण्यासारखं बरंच आहे. विंडोज लागोपाठ दोन-तीनदा सुरू होता होता पडलं की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तिथे 'ट्रबलशूट' आणि मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडा. 'स्टार्टअप रिपेअर' आधी करून पाहा. नाही जमलं तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स', मग 'सिस्टम रिस्टोअर', मग सेफ मोड, म्हणजे मोजक्या गरजेच्या गोष्टींवरच विंडोज सुरू करणं. या चारही गोष्टींनी तुमच्या फाइली जात नाहीत.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण निळा पडदा म्हणजे सगळं संपलं असं नसतं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट बाहेर पडलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. विमानतळ खोळंबले, बँका खोळंबल्या. उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन सदोष फाइल काढून टाकण्याचा. फॉरमॅटची गरज नव्हती.

याच पडद्यावर 'रिसेट धिस पीसी' असतं. त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं तर तुमच्या फाइली राहतात आणि टाकलेले प्रोग्रॅम जातात. ही सोय चांगली आहे, पण फाइलींची नक्कल हातात आल्याशिवाय मी तीही वापरत नाही.

डिस्कमधून टकटक किंवा घरघर ऐकू येत असेल तर यातलं काहीही करू नका. संगणक बंद करा. मरणाऱ्या डिस्कवर प्रत्येक नव्या प्रयत्नाने वाचण्याजोगा भाग कमी होत जातो. आतला ऐवज मोलाचा असेल तर ती डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडेच जावी.

फाइली बाहेर काढणं

विंडोज सुरू होत नसलं तरी डिस्कवरच्या फाइली बहुतेक वेळा धडधाकट असतात. त्या वाचायला विंडोजच्या जागी चालणारी दुसरी एखादी प्रणाली लागते, आणि ती पेनड्राइव्हवरून चालवता येते. मी यासाठी लिनक्स मिंट वापरतो. ती फुकट आहे आणि दिसायला विंडोजसारखी असल्यामुळे नवख्याला बुजायला होत नाही.

शेजाऱ्याच्या किंवा कचेरीतल्या चालू संगणकावर लिनक्स मिंटची आयएसओ फाइल (अख्खी प्रणाली एकत्र बांधलेली फाइल) उतरवून घ्या. ती जवळजवळ ३ जीबीची आहे, त्यामुळे सत्तरीच्या आतल्या गावात मोबाइलची रेंज चढत-उतरत असेल तर पणजीला किंवा म्हापशाला कामाला जाणाऱ्या कुणाला तरी सांगा. बालेना एचर किंवा रूफस या छोट्या प्रोग्रॅमने ती फाइल ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, आणि पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसलं जातं.

आता बंद पडलेल्या संगणकाला तो पेनड्राइव्ह लावा, बटण दाबा आणि लगेच बूट मेन्यूची कळ दाबत राहा. डेल, लेनोव्हो आणि एसरवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, आसूसच्या लॅपटॉपवर एस्केप. काही एसर लॅपटॉपवर एफ१२ बंद करून ठेवलेली असते. आधी एफ२ दाबून बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) जा आणि ती चालू करा. यादी आली की त्यातून पेनड्राइव्ह निवडा. मिंटचा डेस्कटॉप दिसेल आणि त्यावर 'इन्स्टॉल' असं चिन्ह असेल. त्याला आत्ता हात लावायचा नाही. आपण पाहुणे आहोत, फाइली घेऊन निघायचं आहे.

फाइल मॅनेजर उघडला की डावीकडे तुमची डिस्क दिसेल. विंडोज नीट बंद झालेलं नसल्यामुळे ती फक्त वाचण्यापुरती उघडली, तरी आपल्याला तेवढंच हवं आहे. डिस्कने किल्ली मागितली तर ती बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद आहे असं समजा. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलं की हे कुलूप आपोआप लागतं, मालकाला पत्ताही नसतो. त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. मोबाइलवरून खात्यात जा आणि डिव्हाइसच्या यादीत ती शोधा. ती मिळाल्याशिवाय फाइली कुठल्याही मार्गाने वाचता येत नाहीत, आणि फॉरमॅट केल्यावर तर किल्ली मिळूनही उपयोग नसतो.

बाहेरची हार्ड डिस्क जोडा आणि 'यूझर्स' फोल्डरमधलं तुमच्या नावाचं अख्खं फोल्डर उचलून तिच्यावर टाका. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स सगळं त्यातच असतं. लपवलेलं अ‍ॅपडेटा फोल्डरही असतं. कंट्रोल धरून एच दाबलं की दिसू लागतं. ब्राउझरचे बुकमार्क त्यात मिळतात. क्रोम किंवा एजमध्ये साठवलेले पासवर्ड मात्र नुसती फाइल उचलून दुसरीकडे वाचता येत नाहीत, ते खात्याशी सिंक केलेले असले तरच परत मिळतात.

सी ड्राइव्हवरच्या आणखी काही जागा लोक विसरतात. टॅलीप्राइम या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा पुष्कळदा 'यूझर्स'मधल्या 'पब्लिक' फोल्डरात असतो, म्हणजे तुमच्या नावाच्या फोल्डराबाहेर. फोंड्याच्या एका अकाउंटंट मित्राची अख्ख्या वर्षाची खाती तिथेच सापडली होती. सी ड्राइव्हच्या मुळाशी कुणी 'न्यू फोल्डर' करून काही टाकलं आहे का तेही बघा. आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: 'विंडोज'मधलं 'फॉन्ट्स' फोल्डर पूर्ण उचला. जुन्या नाटकांच्या संहिता, देवस्थानच्या पत्रिका, आरत्यांची पुस्तकं कृतिदेव किंवा श्री-लिपीसारख्या, युनिकोड ही आजची सगळीकडे चालणारी पद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडते, पण मजकुराच्या जागी नुसती निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात.

नक्कल झाली म्हणजे काम झालं असं मानू नका. बाहेरची डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा आणि पाच-सहा फाइली प्रत्यक्ष उघडून बघा: एक फोटो, एक पत्र, एक हिशेब. मूळ फोल्डरचा आकार आणि नकलेचा आकार ताडून घ्या.

आणि कुणी आधीच फॉरमॅट करून टाकलं असेल तर? संगणक ताबडतोब बंद करा, त्यावर नवं काहीही टाकू नका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर झटपट फॉरमॅट झालं असेल तर फोटोरेकसारख्या प्रोग्रॅमने बरंच परत मिळू शकतं. एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कवर, आशा फार कमी, कारण पुसलेली जागा ती स्वतःच मोकळी करत जाते. माझ्या बाबतीत हार्ड डिस्कच होती, पण मी त्यानंतर महिनाभर संगणक वापरत राहिलो.

डिस्क तीच ठेवायची का

मिंटमध्येच 'डिस्क्स' नावाचा प्रोग्रॅम आहे. त्यातल्या 'स्मार्ट' तपासणीत डिस्कची तब्येत दिसते. खराब सेक्टर वाढलेले दिसले तर त्या डिस्कवर विंडोज टाकणं म्हणजे वाळवी लागलेल्या वाशावर कौलं चढवणं.

माझं मत विचाराल तर, संगणक फिरत्या हार्ड डिस्कवर चालत असेल तर ती ठीक असली तरी नवी एसएसडी घ्या. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा, फॉरमॅटच करू नका. यूएसबीच्या छोट्या डबीत घातली की ती बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते, आणि विसरलेली फाइल सहा महिन्यांनी आठवली तरी तिथे मिळते. खरेदीआधी तुमच्या यंत्रात २.५ इंची साटा डिस्क बसते की एम.२ पट्टी, ते बघून घ्या.

काय टाकायचं

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेल असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यात बसत नसलेल्या यंत्रावर लिनक्स मिंटच कायमचं टाकावं असं मी सुचवतो. पत्रव्यवहार, ब्राउझर, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल तर काही अडत नाही; लिब्रेऑफिस हे फुकटचं ऑफिस त्यात आधीच असतं. टॅली, डिजिटल सहीचं टोकन, एखादा जुना प्रिंटर यांवर घर चालत असेल तर मात्र विंडोजच बरं.

क्रॅक केलेलं विंडोज घेऊ नका. ते चालू करणारी साधनं आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच यंत्रावर तुम्ही पुढे बँकेचा पासवर्ड टाकता. बहुतेकांना त्याची गरजही नसते. संगणकाबरोबर खरं विंडोज आलं असेल तर त्याचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. तीच आवृत्ती, म्हणजे होम असेल तर होम, टाकली की इंटरनेट मिळताच तो आपोआप ओळखला जातो.

प्रत्यक्ष विंडोज टाकणं

हा भाग सगळ्यात सोपा आहे. चालू संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज चढवा. आधीसारखंच बूट मेन्यूतून तो निवडा. भाषा, कीबोर्ड विचारतील. सगळं पुसलं जाईल हे मान्य आहे अशी खूण करायला सांगतील. प्रॉडक्ट की मागितली तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' निवडा.

मग डिस्कची यादी येते. इथे श्वास घ्या. बाहेरची डिस्क काढली आहे ना? नसेल तर आत्ता काढा. नवी एसएसडी असेल तर 'अनअलोकेटेड स्पेस' अशी एकच ओळ दिसेल, ती निवडून पुढे जा. जुन्याच डिस्कवर टाकत असाल तर १०० एमबी, काही जीबी अशा लहान-मोठ्या ओळी दिसतील. डी ड्राइव्ह ठेवायचा असेल तर आकार बघून तो ओळखा आणि त्याला हात लावू नका. सगळंच नवं करायचं असेल तर त्या डिस्कच्या सगळ्या ओळी पुसून एकच मोकळी जागा करा, बाकीची वाटणी विंडोज स्वतः करतं.

यादी रिकामी आली, डिस्कच दिसत नाही, तर घाबरू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर असं होतं. डिस्क शाबूत असते, विंडोजकडे तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती ओळखणारं छोटं सॉफ्टवेअर, नसतो. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, उलगडून त्याच पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर' दाबून दाखवा.

फाइली चढल्या की संगणक पुन्हा सुरू होतो. त्या वेळी परत पेनड्राइव्हवरून सुरू होऊ देऊ नका, नाहीतर पहिलाच पडदा पुन्हा समोर येतो. पुढे वायफाय विचारेल. वायफाय दिसतच नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट संगणकाला मिळतं. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. मायक्रोसॉफ्ट खातं मागेल तिथे पासवर्ड आठवत असलेलं आणि चालू मोबाइल नंबर जोडलेलं खातंच द्या. सगळं झालं की बिटलॉकरची नवी की वहीत लिहून ठेवा.

ड्रायव्हर, मराठी, मग प्रोग्रॅम

क्रम हाच ठेवा. आधी विंडोज अपडेट चालवा, संगणक पुन्हा सुरू करा, परत चालवा, काही उरत नाही तोवर. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळा त्रिकोण दिसला तर लॅपटॉपच्या पाठीवरचा सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तेवढाच ड्रायव्हर घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांपासून लांब राहा.

त्यानंतर सेटिंग्जमधल्या भाषांत मराठी जोडा. कोकणीत लिहीत असाल तर तीही यादीत आहे. इन्स्क्रिप्ट हा प्रमाण कीबोर्ड येत नसेल तर मराठीसाठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो. मंगल, कोकिला, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट आता सुरुवातीपासून नसतात. ते नसले की जुन्या पत्रिकांची पानं सरकतात, ओळी तुटतात. सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' आहे, ते टाका. मग जतन केलेल्या फॉन्टांपैकी कृतिदेवसारखे तुमच्या कामाचे तेवढे निवडून टाका.

प्रोग्रॅम टाकताना जुनी यादी आठवून सगळं भरू नका. ब्राउझर, लिब्रेऑफिस किंवा तुमचं ऑफिस, व्हीएलसी, झिप उघडणारं काहीतरी. निनाइटच्या संकेतस्थळावर हवे त्यांवर खूण केली की एकाच फाइलमधून ते येतात आणि सोबत जाहिरातीचं लटांबर येत नाही. अँटिव्हायरस विंडोजमध्ये असतोच, घरच्या वापराला तो पुरतो.

टॅली टाकलं की डेटाची मूळ नक्कल तशीच ठेवा आणि दुसरी प्रत उघडा. टॅलीचा परवाना यंत्राशी बांधलेला असतो. जुनं विंडोज कसंबसं सुरू होत असेल तर फॉरमॅटआधी तो सरेंडर करून, म्हणजे त्या यंत्रावरून सोडवून, घेतला की इथे अडत नाही. डिजिटल सही टोकनमध्येच असते, ती जात नाही. टोकनचा ड्रायव्हर आणि सही करण्याचं छोटं सॉफ्टवेअर तेवढं पुन्हा टाकावं लागतं. जीएसटीची मुदत तोंडावर असेल तर हे त्याच दिवशी तपासा.

फाइली सगळ्यात शेवटी परत आणा, आणि हलवू नका, कॉपी करा. बाहेरच्या डिस्कवरची प्रत किमान महिनाभर तशीच राहू द्या.

सगळं लागल्यावर

यंत्र स्वच्छ आहे, ड्रायव्हर लागले आहेत, मराठी चालते आहे, अशा दिवशी रेस्क्यूझिला हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर चढवा, त्यावरून संगणक सुरू करा आणि पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. पुढच्या वेळी अख्ख्या दिवसाचं काम तासाभराच्या आसपास होतं. रोजच्या फाइलींसाठी फाइल हिस्टरी चालू करा. महत्त्वाचं जे आहे त्याची एक प्रत घराबाहेरही असू द्या, ऑनलाइन किंवा भावंडाच्या घरी. आईची उरलेली गीतं आता तीन ठिकाणी आहेत, त्यातली एक प्रत बहिणीकडे पेडण्याला.

विंडोजचा आणि मिंटचा पेनड्राइव्ह पुसू नका. प्रत्येकावर नाव आणि तारीख लिहून बाहेरच्या डिस्कबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नव्या चपलांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या मिळतात, त्यातल्या दोन-तीन आत टाका. आपल्या पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तशी पेनड्राइव्हच्या तोंडालाही गंज चढतो. चवथीच्या साफसफाईला डबा उघडायचा, डिस्क एकदा लावून बघायची, आणि पुड्या बदलायच्या.